लेस्टरमध्ये घर पाहताना

इंग्लंडमध्ये स्थायिक होऊ पाहणारी व्यापारी जैन कुटुंबे बहुधा लेस्टर शहराची चौकशी आधी करतात. ते योग्यच आहे. १९७२ मध्ये युगांडातून हाकलल्या गेलेल्या भारतीयांनी येऊ नये, म्हणून तेथील नगरपालिकेने ‘युगांडा आर्गस’मध्ये जाहिरात दिली होती. तरीही ते आले आणि त्यांनी दुकाने थाटली. आज बेलग्रेव्ह रोडवर फरसाण, मिठाई, डाळी सारे मिळते. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जुन्या चर्चच्या वास्तूत १९८८ मध्ये जिनमंदिराची प्रतिष्ठा झाली. तेथे श्वेतांबर व दिगंबर मूर्ती एकाच छताखाली आहेत. आपल्याकडील विश्वस्तांनी हे अवश्य पाहावे!

तथापि बाजार आणि मंदिर यांवरून घर ठरवू नये. खरी कसोटी मुलांची. तेथील ‘व्हेजिटेरियन’ पदार्थात अंडे चालते. कंदमूळ वर्ज्य असते, हे तर शाळेला समजावूनच सांगावे लागते. वाढदिवसाच्या गोळ्यांत जिलेटिन असू शकते. जूनमध्ये सूर्य साडेनऊपर्यंत असतो, पण डिसेंबरात चार वाजण्यापूर्वीच मावळतो. शाळा सुटलेले मूल बसने घरी पोचेतो चौविहाराची वेळ टळलेली असते. म्हणून घर शाळेपासून चालत दहा मिनिटांवर असावे, भाडे थोडे अधिक पडले तरी.