छातीतल्या कळेवर सब्र नको

रोजा माणसाला सब्र शिकवतो. भूक, तहान, राग यांना आवर घालण्याची ही महिनाभराची तालीम. पण हाच सब्र कधी कधी चुकीच्या जागी वापरला जातो. छातीत जड वाटते, घाम फुटतो आणि रोजेदार म्हणतो, "इफ्तारला भजी जास्त झाली, गॅस असेल. तरावीह झाली की बघू."

इफ्तारनंतर जळजळ होणे नेहमीचेच, म्हणूनच फसगत होते. पित्त की हृदयविकार, हे घरात बसून ठरत नाही; त्यासाठी ईसीजी आणि रक्ततपासणी लागते. खुणा मात्र प्रत्येकाला माहीत हव्यात. छातीच्या मधोमध दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, ते दुखणे हात, खांदा, जबडा किंवा पाठीत जाणे, थंड घाम, धाप, मळमळ, चक्कर. मशिदीचा जिना चढताना छाती भरून येते आणि बसल्यावर बरे वाटते, हाही इशाराच.

मधुमेहींच्या आणि स्त्रियांच्या बाबतीत छाती दुखेलच असे नाही. नुसती धाप, मळमळ किंवा कधी नव्हे असा थकवाही येतो. सहेरीसाठी सर्वांआधी उठणारी आणि इफ्तारपर्यंत चुलीपुढे उभी असलेली अम्मी थकली, की घरचे म्हणतात, "रोजा लागलाय." कोणी नाडीही बघत नाही.

अशा वेळी रोजा सोडणे म्हणजे गुन्हा नव्हे. सूरह बकराच्या 184 आणि 185 क्रमांकाच्या आयतींत आजारी माणसाला सवलत आहे. राहिलेला रोजा बरे झाल्यावर ठेवता येतो. ज्यांना कधीच शक्य नाही, त्यांच्यासाठी फिदिया आहे. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली, तर मात्र मिनिटागणिक स्नायू मरत जातो. तो परत मिळत नाही. म्हणून रुग्णाला चालवू नका, स्वतः गाडी चालवू देऊ नका, 108 ला फोन करा. हृदयाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी त्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात, मनाने बंद करू नयेत.

मशीद कमिट्यांनी तरावीहपूर्वी दोन मिनिटे या खुणा सांगाव्यात आणि रात्रीसाठी एक गाडी तयार ठेवावी. चंदा, जकात, सफेची शिस्त यांची सूचना रोज होते. शेजारी उभ्या असलेल्या भावाच्या जिवाचीही एक सूचना व्हायला हवी.