धाकटीचे मत

वर्ध्याजवळ पवनारास, धाम नदीच्या काठी, ब्रह्मविद्या मंदिर आहे. आचार्य विनोबा भावे यांनी २५ मार्च १९५९ रोजी ते भगिनींच्या सामूहिक साधनेसाठी स्थापिले. शेतकाम, सफाई, सूतकताई ही कामे स्वहस्ते करावी आणि निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसंमतीने घ्यावे, असा तेथील दंडक. एकीचाही नकार असेल तर सर्वांनी थांबावयाचे!

हा दंडक ऐकला की मला इटलीतील असिसी नगरची संत क्लारा आठवते. ती ११९४ साली एका सरदार घराण्यात जन्मली. १२१२ साली झावळ्यांच्या रविवारी रात्री तिने गृहत्याग केला व संत फ्रान्सिसच्या हातून केस कापवून घेतले. आप्त तिला ओढून नेण्यास आले, तेव्हा वेदीचे वस्त्र घट्ट धरून तिने आपले मुंडित मस्तक त्यांस दाखविले. पुढे सान दामियानो येथे तिच्याभोवती भगिनी जमल्या. पोप नववे ग्रेगरी यांनी देऊ केलेली मालमत्ताही तिने नाकारली. स्त्रियांच्या मठासाठी स्त्रीने लिहिलेली पहिली नियमावली तिचीच मानतात. पोप चवथे इनोसंट यांनी ९ ऑगस्ट १२५३ रोजी तीस मान्यता दिली. ११ ऑगस्टला क्लारा प्रभूच्या घरी गेली.

त्या नियमावलीत मठप्रमुखेस आज्ञा आहे की, आठवड्यातून एकदा तरी सर्व भगिनींस बोलावून त्यांचा विचार घ्यावा. प्रभू आपली इच्छा सर्वांत धाकटीच्या मुखानेही कळवितो, अशी क्लारेची श्रद्धा होती.

कोणी पालक म्हणतील, "संन्यासिनींचे नियम संसारी माणसास काय कामाचे?" त्यांस एक अनुभव सांगतो. वरच्या वर्गातील एक हुशार मुलगी शाळेत येईनाशी झाली, म्हणून मी तिच्या घरी गेलो. वडील म्हणाले, "गुरुजी, आता शिक्षण पुरे. घरातल्या सर्वांचे असेच मत पडले." मी विचारले, "आणि हिचे?" ते गप्प राहिले. मुलगी दाराआड उभी होती. 'सर्वांत' तिची गणती झालीच नव्हती.

पालकहो, आपल्या कन्यांनी मठात जावे असे माझे म्हणणे नाही. परंतु जिच्या आयुष्याचा निर्णय होतो, तिचाच शब्द नसेल, तर त्या निर्णयास घराचा निर्णय कसे म्हणावे? आणि मुलींनो, मत विचारले जाईल त्या दिवशी ते विचारपूर्वक, निर्भयपणे व नम्रतेने सांगता यावे, एवढी तयारी आजपासूनच करा.