चाळिशी ओलांडलेल्या कारागिराला वाली कोण?

सुईच्या नेढ्यात दोरा ओवताना पहिल्यांदा हात अडला, त्याला आता सात वर्षे झाली. चाळिशी लागली म्हणून दुकानातले कारागीर हसले, आम्हीही हसलो आणि बाजारातून दीडशे रुपयांचा चष्मा घेऊन आलो. दोरा दिसू लागला. धंद्याचे पुढे काय, हे मात्र त्या चष्म्यातून अजून नीट दिसलेले नाही.

आमचे मिरजेत शिलाईचे दुकान आहे. वडील सकाळी येऊन गल्ल्यापाशी बसतात, जुने गिऱ्हाईक त्यांनाच सलाम करते. मुलगा बारावी झाला, त्याचे डोके मोबाईलमध्ये. मध्ये मशीनवर आम्ही. घरखर्च आमच्यावर, वडिलांची औषधे आमच्यावर, मुलाची फी आणि मुलीच्या लग्नाची काळजीही आमच्यावर. असे मधले लोक आज प्रत्येक पेठेत आहेत. घड्याळे दुरुस्त करणारे आहेत, ब्रशने पाट्या रंगवणारे आहेत, छापखान्यात खिळे जुळवणारे होते. फ्लेक्स आला तेव्हा पाटी रंगवणारा तरुण नव्हता की दुसरे काही शिकावे, आणि म्हाताराही नव्हता की घरी बसावे.

आमच्याच धंद्याचे सांगतो. पूर्वी शब-ए-बरात झाली की आम्ही नवीन कापड घेणे बंद करायचो. ईदपर्यंत रात्ररात्र मशीन चालायचे, काजे-बटणाला बाहेरून बायका लावाव्या लागायच्या. आता रमजानच्या विसाव्या रोजालाही बाकावर जागा रिकामी असते. गिऱ्हाईक तयार कुर्ता घेते आणि आमच्याकडे येते ते बाही आखूड करायला. मास्टर म्हणवून घेणाऱ्या माणसाला आधी हे फार लागते. आम्हालाही लागले.

तेव्हा आम्ही एक चूक केली. कात्री बाजूला ठेवून व्यापारी व्हायचे ठरवले. 2018 साली घरचे दागिने गहाण टाकून, मेहुण्याकडून उसने घेऊन, तीन लाखांचा तयार माल दुकानात भरला. कापड आम्हाला कळत होते, पण कोणता माल किती दिवस चालतो हे कळत नव्हते. दीड वर्षात निम्मा माल जुना झाला आणि 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. दागिने सुटायला पुढे चार वर्षे गेली. हे सांगताना लाज वाटते, पण धंद्याच्या पानावर नुसत्या नफ्याच्याच गोष्टी छापायच्या असतील तर ते पान वाचायचे कशाला?

अडचण अशी की या वयाच्या माणसासाठी दारच उघडे नाही. 2015 ची अटल पेन्शन योजना घ्या, प्रवेश 18 ते 40. असंघटित कामगारांसाठी 2019 साली आलेली श्रमयोगी मानधन योजना साठीनंतर महिना 3,000 रुपये देते, पण तिचाही दरवाजा चाळिशीला बंद होतो. त्याच वर्षी छोट्या व्यापाऱ्यांसाठी निघालेल्या योजनेचेही तेच. ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलत साठीला. म्हणजे चाळीस ते साठ ही वीस वर्षे माणसाने आपली आपण काढायची. पेन्शनच्या हिशेबाला लांबची मुदत लागते, हे आम्हाला कळते. पण त्या वयात ज्याला कुणी हा हिशेब समजावून सांगितलाच नाही, त्याने काय करावे?

आणि नुसत्या सरकारला बोल लावून भागणार नाही. आमच्या जमाती, आमच्या अंजुमन काय करतात? दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार होतो, वह्या वाटल्या जातात, स्पर्धा परीक्षांची शिबिरे भरतात. चांगलेच आहे. विधवांना, म्हाताऱ्यांना महिन्याचे धान्य मिळते, तेही चांगले. पण पंचेचाळीस वर्षांच्या कारागिराला जुने पायमशीन काढून मोटरचे घ्यायचे असेल, तर तो कोणाच्या दारात उभा राहणार? धडधाकट माणूस मागायला आला म्हणून लोक त्याच्याकडे वळून बघतात.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत मात्र वयाची वरची अट नाही. शिंपी, सुतार, लोहार, कुलूप करणारे, गवंडी असे 18 धंदे त्यात आहेत. पाच-सात दिवसांचे शिक्षण, रोजचे 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000, आणि पाच टक्क्यांनी पहिले कर्ज एक लाखाचे. यंत्रमागवाला त्या अठरांत नाही, हे मालेगाव-भिवंडीच्या बांधवांनी ध्यानात घ्यावे. बँकेचे व्याज ज्यांना नको, त्यांनी शिक्षण आणि हत्यारांपुरती तरी चौकशी करावी. पण एका घरातून एकच नाव, आणि घर म्हणजे नवरा, बायको व बिनलग्नाची मुले. आमच्या ओळखीच्या तीन घरांत बापाने मुलाचे नाव दिले. मुलगा मशीनला हात लावत नाही, पण फॉर्म भरायला तोच गेला होता आणि बापाचा अंगठा यंत्रावर उमटत नव्हता. तीस वर्षे सुई टोचलेला अंगठा तो, कसा उमटणार! आमचे म्हणणे आहे की अशा वेळी पुन्हा जावे, दुसरे बोट लावून बघावे, पण नाव हातात काम असलेल्याचेच द्यावे.

आमच्या गावात सतारमेकर गल्ली आहे. तिथले लोक मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. पटवर्धनांच्या संस्थानात त्यांचे काम होते. इंग्रजी अंमल बसला, हत्यारांची गरज सरली, आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब व त्यांच्या भावाने तंतुवाद्ये दुरुस्त करता करता तानपुरे, सतारी घडवायला घेतल्या. पंढरपूरकडचे भोपळे आणून त्यांनी मिरजेचे नाव गवयांच्या तोंडी नेले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. लहानपणापासून त्या गल्लीतून जाता-येता आम्हाला हे कधी सुचले नाही, पण माल भरून हात पोळल्यावर सुचले. त्या लोकांनी हात सोडला नव्हता, हाताखालची वस्तू बदलली होती. सुरुवातही दुरुस्तीनेच झाली. (आज त्याच गल्लीत पुढची पिढी या कामात थांबेल की नाही, अशी चिंता आहे. म्हणजे एकदा बदलले की सुटलो, असे नाही.)

बाही आखूड करायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही आता परत पाठवत नाही. तयार कपडा कोणालाच नीट बसत नाही, आणि जितका तयार माल विकला जाईल तितके हे काम वाढते. पँटच्या मोहरीचे पन्नास रुपये, कोटाचे खांदे उतरवायचे चारशे. कापडात पैसे गुंतत नाहीत, उधारी राहत नाही. जोडीला दोन शाळांचे गणवेश घेतले. मुलाला मशीनवर बसवण्याचा हट्ट सोडला, पण मापांची वही त्याच्याकडून मोबाईलवर चढवून घेतली. लेकाकडून शिकताना पहिले आठ दिवस आवाज चढत होता, आमचाही आणि त्याचाही.

मित्र सांगतात, दुकान पोराच्या नावावर करून मोकळे व्हा. आमच्या मते वीसबावीस वर्षांच्या मुलाच्या गळ्यात खालावलेला धंदा बांधणे ही जबाबदारी देणे नव्हे, ढकलणे आहे. त्यापेक्षा बापाने आधी धंदा सावरावा, मग मुलाला विचारावे.

जमातीच्या पुढच्या बैठकीत आम्ही एक सूचना मांडणार आहोत. शैक्षणिक मदतीच्या फंडाला हात न लावता, चाळीस ते साठ वयाच्या कारागिरांसाठी वेगळी पेटी असावी. वीस-तीस हजारांचे कर्ज-ए-हसना, फक्त हत्यारासाठी, माल भरायला नाही. दोन जामीन, आणि त्यांतला एक त्याच धंद्यातला. हप्ता गणवेशाच्या आणि ईदच्या हंगामात जास्त, पावसाळ्यात कमी. पहिले पाच हजार आम्ही टाकतो. इतर गावांत असे काही चालू असेल, तर वसुली कशी होते तेवढे या पानाला जरूर कळवावे, कारण बैठकीत पहिला प्रश्न तोच येणार आहे.