आधी धाव, मग धावणे

आमच्या आजोबांच्या बैलगाडीच्या लाकडी चाकांवर लोखंडी धाव होती. आजच्या वाचकांपैकी किती जणांना हा शब्द ठाऊक असेल, कोण जाणे! चाकाच्या बाहेरून बसणाऱ्या लोखंडी कड्याला धाव म्हणतात. लोहार ते कडे चाकापेक्षा किंचित लहान ठेवी, गोवऱ्यांच्या जाळात लाल करी, तशा लालबुंद स्थितीतच चाकावर चढवी आणि वरून घागरभर पाणी ओती. थंड होताना कडे आक्रसे आणि लाकडाला घट्ट आवळून धरी. आजोबा म्हणत, "बैल कितीबी ताकदीचे असू दे, धाव ढिली असली तर गाडी गावाला पोचत नाही."

आजोबांची गाडी गेली, बैल गेले. मात्र त्यांचे हे वाक्य मला एका अपघातानंतर नव्याने समजले, आणि म्हणूनच हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे. विषय आहे मोटारीच्या टायरचा. त्यातही आपल्या रोजच्या वापराच्या गाडीने हौस म्हणून सरळ रेषेतली शर्यत, म्हणजे ड्रॅग रेस, खेळू पाहणाऱ्या तरुणांनी कोणता टायर निवडावा याचा. आपल्या कॉलेजच्या अंकात हा विषय कशाला, असे काही गुरुजनांना वाटेल. परंतु संध्याकाळी हुमनाबादच्या रस्त्याला जाऊन पाहावे, म्हणजे विषय कॉलेजचाच आहे हे पटेल.

प्रथम शर्यत म्हणजे काय ते सांगतो. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, जो आधी पार करील तो जिंकतो. वळण नाही, फेरी नाही. अमेरिकेत १९५० साली कॅलिफोर्नियातील सांता आना येथे विमानतळाच्या धावपट्टीवर अशा शर्यती रीतसर सुरू झाल्या आणि १९५१ साली त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. रस्त्यावर चोरून पळविणाऱ्या पोरांना एक सुरक्षित जागा आणि नियम द्यावेत, हा त्यामागचा मोठा हेतू होता. आपल्या देशातही मोटार शर्यतींनी धावपट्टीचाच आसरा घेतला. मद्रासजवळच्या शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती होत. पुढे १९९० साली इरुंगाट्टुकोट्टई येथे खास शर्यतीचा मार्ग तयार झाला आणि तेथे मोटरसायकलींची राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धाही भरू लागली. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' या नावाने मोटारी आणि मोटरसायकली पळाल्या. आपल्या बिदरलाही धावपट्टी आहे, पण ती हवाई दलाची. तेव्हा आपल्या पोरांच्या वाट्याला उरतो तो सार्वजनिक रस्ता, जिथे उसाची ट्रॉली, शेळ्यांचा कळप आणि शाळेतून परतणारी मुले आधीपासूनच असतात.

आता माझी गोष्ट. जून २०२३ मध्ये मी पदवीच्या पहिल्या वर्षाला नुकताच प्रवेश घेतला होता. मामांची जुनी स्विफ्ट माझ्या हाती आली. तिचे टायर घासले होते. मामांनी नव्या टायरसाठी पैसे दिले. मी त्या पैशांत काय केले? गाडीला मुळात १६५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. मी एका दुकानातून चांगले रुंद, वापरलेले टायर आणि त्यांसोबत चकाकणारे अलाय रिम घेतले. टायरची नक्षी खोल होती, रबर काळेभोर दिसत होते. "नव्यासारखे आहेत," असे दुकानदार म्हणाला आणि मला ते पटवूनच घ्यायचे होते. उरलेल्या पैशांत सायलेन्सर बदलला.

आठ दिवसांनी पहिला पाऊस पडून गेला. संध्याकाळी मी आणि माझा वर्गमित्र रस्त्यावर 'प्रॅक्टिस' करायला गेलो. समोरून ट्रॅक्टर आला, मी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. ती जणू तेलावरून घसरत गेली आणि कडेच्या काळ्या रानात जाऊन कलंडली. मला खरचटलेही नाही. मित्राच्या उजव्या खांद्याचे हाड मोडले. तो चार महिने डाव्या हाताने लिहीत होता. त्याच्या आईने मला एक शब्दही बोलून दाखविला नाही. मी भेटायला गेलो की त्या चहा करीत आणि म्हणत, "बस बाळा." तो 'बस' मला अजून टोचतो.

गाडी ओढून आणल्यावर गॅरेजमधल्या काकांनी टायरच्या बाजूवर बोट ठेवले. "हे वाचलास का रे कधी? काय बघून घेतलास?" तेथे एका लांबट चौकटीत चार आकडे होते : २११५. म्हणजे सन २०१५ च्या एकविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. आठ वर्षांचे रबर! उन्हात पडून पडून ते आतून कडक झाले होते. नक्षी जिवंत होती, रबर मेले होते.

मित्रहो, त्या दिवसापासून मी टायर वाचायला शिकलो. शिकलेले थोडक्यात सांगतो.

१६५/८० आर १४ असे लिहिले असेल तर १६५ मिलिमीटर ही रुंदी, तिच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर ही टायरच्या भिंतीची उंची, 'आर' म्हणजे रेडियल बांधणी आणि १४ इंच हा रिमचा व्यास. या हिशेबाने टायरचा पूर्ण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो. याच गाडीच्या महागड्या प्रकारात १८५/६५ आर १५ टायर येतो. त्याचा व्यासही ६२१ च्या आसपासच आहे. कंपनीने रुंदी वाढविली तेव्हा उंची जपली, कारण गिअर आणि स्पीडोमीटर त्या उंचीवर जुळविलेले असतात. आपण मात्र दिसायला बरा म्हणून वाटेल तो टायर चढवितो.

दुसरा भ्रम रुंदीचा. रुंद टायर म्हणजे जमिनीवर जास्त पकड, असे आपण धरून चालतो. गणित करून पाहा. माणसांसह गाडीचे वजन १०५० किलो धरले आणि टायरमध्ये तीस पौंड हवा असली, तर हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो होतो. भागाकार केला की चारही टायर मिळून जमिनीला सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर टेकतात, म्हणजे एकेका चाकाला सुमारे १२५, आपल्या तळहाताएवढी जागा! हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला तर या जागेचा आकार बदलतो, ती आडवी होते, पण तिचे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. उलट साचलेल्या पाण्यावर हलकी गाडी रुंद टायरने लवकर तरंगते. पकड येते ती मुख्यतः रबराच्या मऊपणातून, ताजेपणातून आणि योग्य हवेतून. माझा तो वर्गमित्र याच अंकाच्या कन्नड विभागात लिहितो. त्याने एकदा सांगितले की कन्नडात चाकाला 'गाली' म्हणतात आणि हवेला 'गाळी'. एका अक्षराचा फरक! टायर म्हणजे या दोन्ही गोष्टी एकत्र, हे आपल्या सीमेवरच्या माणसाला चटकन कळावे.

तिसरी गोष्ट भाराची. ऊस भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात, हे आपण हंगामात रोज पाहतो. गाडी जोराने निघाली की भार मागे जातो. ट्रॅक्टर मागच्या चाकांवर चालतो, म्हणून त्याला हे सोयीचे. शेतकरी तर वजनासाठी मागच्या टायरमध्ये पाणीही भरतो. आपल्या लहान मोटारी बहुधा पुढच्या चाकांवर चालतात. म्हणजे शर्यत सुटते त्या क्षणी ज्या चाकांना पकड हवी, नेमकी तीच हलकी होतात. म्हणून चांगला टायर पुढे हवा आणि क्लच अलगद सुटायला हवा. चाक जागच्या जागी फिरून धूर निघाला की पोरे टाळ्या वाजवितात. पण त्या धुरात वेळ जळत असतो. शर्यत बहुतेक वेळा पहिल्या साठ फुटांतच ठरते.

मग टायर कोणता घ्यावा? शर्यतीचा खास टायर, ज्याला स्लिक म्हणतात, त्याला नक्षीच नसते. चिकट द्रव्य फवारून तयार केलेल्या कोरड्या पट्टीवर तो गाडीला जणू चिकटवून ठेवतो. आपल्या रस्त्यावर पावसाचे चार थेंब पडले की तोच टायर घात करतो, कारण पाणी बाहेर काढायला त्याला वाटच नाही. काही टायरांवर 'ट्रेडवेअर' असा आकडा असतो. तो जितका लहान तितके रबर मऊ आणि तितकेच लवकर झिजणारे. दोनशे किंवा त्याहून कमी आकड्याचा टायर मैदानावर उत्तम. पण रोज कॉलेजला जाणाऱ्याला तो परवडत नाही आणि पावसाळ्यात झेपतही नाही.

माझे मत असे की ज्याच्या घरी एकच गाडी आहे आणि त्याच गाडीतून आजीला दवाखान्यात न्यायचे आहे, त्याने कंपनीने सांगितलेल्या मापाचा, ताज्या तारखेचा, नामांकित बनावटीचा रस्त्याचा टायरच घ्यावा आणि त्यावरच पहिली काही वर्षे शर्यत शिकावी. वेळ थोडा जास्त लागेल, लागू द्या. प्रतिस्पर्ध्याशी नव्हे, स्वतःच्या कालच्या वेळेशी स्पर्धा करा. हात बसल्यावर आणि खिसा परवानगी देईल तेव्हा पुढच्या दोन चाकांसाठी मऊ टायर बसविलेले वेगळे रिम घ्यावेत, ते डिकीतून मैदानावर न्यावेत, तेथे जॅक लावून चढवावेत आणि घरी निघताना पुन्हा उतरवावेत. मैदानावर पुढच्या चाकांची हवा दोन पौंडांनी कमी करून वेळ पाहावी, मागची थोडी वाढवावी, पण टायरवर लिहिलेली मर्यादा ओलांडू नये. परतताना हवा दारावरच्या तक्त्याप्रमाणे पुन्हा भरावी. नक्षीच्या खोबणीत १.६ मिलिमीटर उंचीची खूण असते. रबर तिच्याबरोबर आले की तो टायर संपला, मग तो कितीही महाग असो.

कोणी म्हणेल, इतकी काळजी करायची तर शर्यतच बंद करा. मला हे मान्य नाही. वेगाची ओढ वयाची आहे, ती दटावून जात नाही. आपल्या भागात बैलांच्या शर्यती पिढ्यान् पिढ्या झाल्या, पण त्या रानात, पंचांसमोर; बाजाराच्या रस्त्यावर नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावणे गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा आहे, तो योग्यही आहे. पण नुसत्या दंडाने काम भागत नाही. कल्याण कर्नाटकात कोठे तरी सरळ, मोकळी, बंदिस्त पट्टी वर्षातून चार दिवस तरी मिळावी, तेथे मोटार क्रीडा महासंघाच्या नियमांप्रमाणे हेल्मेट, पट्टा आणि टायर तपासूनच गाडी सोडावी, एवढी मागणी आपण विद्यार्थ्यांनी का करू नये? क्रिकेटला मैदान मागतो, तसे हेही मागावे. आणि मागण्यापूर्वी आपण त्या मागणीला लायक आहोत, हे आपल्या चार चाकांवरून दिसावे.

असो. लेख लांबला. शेवटी एक विनंती. पहिला पाऊस पडण्याआधीच्या रविवारी सकाळी मी आणि माझा मित्र कॉलेजच्या फाटकाजवळ हवा मोजायचे मीटर घेऊन बसणार आहोत. मोटार असो, मोटरसायकल असो, स्कूटर असो, घेऊन या. तारीख वाचू, नक्षी मोजू, हवा पाहू. पैसे पडणार नाहीत. वर्ष लिहून घेण्याचे काम मित्राकडे आहे. आता तो पुन्हा उजव्या हाताने लिहितो.