परदेशी शिक्का आणि घरचा पाळणा

परदेशात आपल्या कुणाला संगीताचं बक्षीस मिळालं की लगेच फोनवर अभिनंदनाचा पाऊस पडतो. 2022 साली मुंबईत जन्मलेल्या फाल्गुनी शाह यांना ‘अ कलरफुल वर्ल्ड’साठी ग्रॅमी मिळाला, तेव्हाही पडला. आनंद आहेच. पण बायांनो, तो ग्रॅमी कशासाठी होता, हे किती जणींनी पाहिलं? लहान मुलांच्या गाण्यांसाठी! तिकडे त्या गाण्यांना वेगळा विभाग आहे, मान आहे.

आणि आपल्याकडे? मुलासाठी आई गाते ते गाणंच नव्हे, ते घरकाम. महावीर जयंतीला भगवंताचा पाळणा हलवायची बोली लागते. बोली घेणाऱ्याचं नाव माइकवरून तीनदा पुकारतात, हार घालतात. पाळणा म्हणून घसा कोरडा करणाऱ्या बायकांचं नाव कोण घेतं? दोरी ओढणाऱ्याला मान, गाणारीला प्रसाद.

कुणी म्हणेल, कुठं ग्रॅमी, कुठं दुबलगुंडी! मग आशाताईंचंच बघा. सांगलीकडची ही मराठी बाई. उस्ताद अली अकबर खाँसाहेबांबरोबरच्या ‘लेगसी’साठी 1997 साली आणि क्रोनोस क्वार्टेटबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेसाठी 2006 साली ग्रॅमीचं नामांकन झालं. बक्षीस दोन्ही वेळा मिळालं नाही. म्हणून आपण त्यांना कमी मानलं का? नाही ना? आपला कान शाबूत होता. तोच कान घरातल्या पोरीपाशी बहिरा का होतो?

लग्नाच्या बायोडाटात ‘गायनाची आवड’ हौसेनं लिहितात. लग्न झालं की तीच आवड ‘आता पुरे’ होते. परक्यांच्या लेकीचं कौतुक करायला पैसा लागत नाही. आपल्या सुनेला रोज तासभर मोकळीक द्यायला मात्र मन लागतं. ते नाही, म्हणून टाळ्या स्वस्त झाल्यात.

माझं म्हणणं एवढंच. येत्या जयंतीला आधी गाणाऱ्यांची नावं पुकारा. बोलीच्या पैशातला थोडा भाग पोरींना गाणं शिकवणाऱ्या बाईंसाठी बाजूला काढा. म्हाताऱ्या बायकांना येणारे मराठी-कानडी पाळणे वहीत उतरवा, फोनवर भरून ठेवा. त्या गेल्या की चालही जाते. एवढं करायला अमेरिकेची परवानगी लागत नाही. मंदिराच्या पंचांची लागत असेल, तर ती मागायला आपणच उठायचं.