एक मैदान, दोन नियम?

मंडळी, कबड्डीचा विषय निघाला की आमच्या घरात दोन तट पडतात. पुतणे, भाचे, जावई एका बाजूला आणि मी एकटा म्हातारा दुसऱ्या. त्यांचं पालुपद एकच : "काका, सुवर्णपदक मिळालं ना? मग आता कशाला उकरून काढता?"

उकरतो, कारण ते पदक ज्या पद्धतीने मिळालं ती पद्धत मला पटलेली नाही.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ७ ऑक्टोबर २०२३. हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. गुण २८-२८, शेवटचं एखादं मिनिट उरलेलं. पवन सेहरावतची निर्वाणीची चढाई. तो कोणालाही न शिवता कडेच्या लॉबीत गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले.

मैदानाच्या दोन्ही कडांना एकेक मीटरची पट्टी असते, ती लॉबी, म्हणजेच राखीव क्षेत्र. झटापट झाल्याशिवाय तिथे पाय टाकायचा नाही. जुना नियम सांगतो, चढाईपटू तर बाद होतोच, पण त्याच्या मागोमाग न शिवता आत गेलेले बचावपटूही बाद. आपल्याकडच्या व्यावसायिक लीगमधला नवा नियम सांगतो, चढाईपटू एकटाच बाद, चढाई तिथेच संपली. एका नियमाने भारताला चार गुण, दुसऱ्याने शून्य!

मग काय, पंचांनी आधी एक निर्णय दिला, मग दुसरा, मग पुन्हा पहिल्याकडे वळले. हरकतींमागून हरकती. सामना तासभर ठप्प. शेवटी जुना नियम लागू झाला, भारताला चार, इराणला एक, आणि आपण ३३-२९ जिंकलो.

माझं भांडण पवनशी नाही. मागे लागलेल्या चौघांना लॉबीत ओढून नेणं हा नियमात बसणारा डाव असेल तर ती हुशारीच. भांडण आहे ते डाव नियमात बसतो की नाही हे डाव टाकून झाल्यावर ठरवण्याशी. परीक्षा संपल्यावर कुठला अभ्यासक्रम धरायचा यावर शिक्षक भांडू लागले, तर पहिला आलेला मुलगाही खाली मान घालूनच घरी जाईल.

आता रग्बीकडे बघा. त्यात स्क्रम नावाचा प्रकार असतो. आठ-आठ गडी तीन रांगांत खांद्याला खांदा भिडवून समोरासमोर रेटतात. साधारणपणे बारीकसारीक चुकीनंतर खेळ पुन्हा सुरू करायला तो लावतात. वरच्या सामन्याच्या आठच दिवसांनी, १५ ऑक्टोबर २०२३ ला, विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण आफ्रिकेच्या डेमियन विलेम्सेने फ्रान्सविरुद्ध चेंडू हवेत झेलून फ्री किक मिळवली, आणि लाथ मारण्याऐवजी चक्क स्क्रम मागितला! सगळे चक्रावले. पण नियमात मुभा होती, म्हणून पंचांनी दिला. आफ्रिका २९-२८ अशी एका गुणाने जिंकली. पुढे जागतिक संघटनेने फ्री किकच्या बदल्यात स्क्रम मागण्याची मुभाच काढून घेतली, जुलै २०२४ पासून. जिंकलेला सामना कोणी उकरला नाही. डाव आवडला नाही तर नियम बदला, पण तारीख टाकून, सगळ्यांना सांगून, पुढच्या सामन्यासाठी. याला म्हणतात शिस्त.

"काका, नियम काळानुसार बदलायला नको का?" जरूर बदला! पण मग सगळीकडे बदला. मला खरी चिंता हांगझोउची नाहीच, आमच्या मौद्यासारख्या गावांतल्या पोट्ट्यांची आहे. ती खेळ शिकतात टीव्हीवरची लीग बघून. तालुक्याच्या स्पर्धेत पंचाच्या खिशात वेगळीच नियमावली निघाली, तर टीव्हीवर चालतं ते इथे बाद. त्या पोराने कोणाकडे हरकत घ्यायची? त्याच्यासाठी सामना तासभर कोण थांबवणार?

आपल्याच विदर्भातल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनमध्ये हा खेळ जगाला दाखवला. आता आपल्याला २०३६ चं ऑलिंपिक भरवायचं आहे, कबड्डीही तिथे हवी आहे. पाहुण्यांना बोलावण्याआधी घरातला नियम तरी एक करा!

"पण इराणला पदक गेलं असतं तर चाललं असतं का?" असं धाकटा पुतण्या मला ठसक्यात विचारतो. बाबा रे, हाच प्रश्न इराणच्या पोरांच्या जागी उभा राहून स्वतःला विचार.

असो. चहा थंड होतोय.