सुपारी, रील आणि एप्रिलमधले आपले उपदेश

सॉल्ट लेकमध्ये करुणामयीजवळ मी भाड्याने राहते. शनिवारी उशिरा सेक्टर फाइव्हकडून परतताना एखाद्या पबबाहेर डीजेचा मोठा फोटो दिसतो, खाली त्याचं इन्स्टाग्राम हँडल. त्याच वेळी जालना जिल्ह्यात माझा मामेभाऊ आयशरवर बेस आणि टॉप चढवत असतो. दोघेही डीजेच. इथल्याला लोक आर्टिस्ट म्हणतात, माझ्या दादाला शांतता समितीच्या बैठकीत बोलावून तंबी देतात.

गेल्या वर्षी मार्चमध्ये दादाने एका जुन्या भीमगीताचा मिक्स केला आणि त्याची रील टाकली. ती त्याच्या आजवरच्या सगळ्या रीलपेक्षा जास्त चालली. तिसऱ्या दिवशी खाली जातीवाचक शिव्या सुरू झाल्या. आठवड्याभरात वरातीच्या दोन सुपाऱ्या परत गेल्या, एकाने दिलेला इसारही मागून नेला. कारण कुणीच सांगितलं नाही. ‘पोरांनी दुसरा ठरवला’, एवढंच. यूट्यूबवर त्याच मिक्सवर कॉपीराइटचा दावा आला, म्हणजे त्यातून जे चार पैसे आले असते तेही कंपनीकडे. कायद्याने कंपनीचं चूक नाही. हक्क तिच्याकडे आहेत, दादाकडे परवानगी नव्हती. पण गाव पातळीवरच्या डीजेला परवडेल अशी परवानगी मिळते कुठे, हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मग तो रात्री दोन-दोन वाजता कमेंट मोजायला लागला. रील काढायचा, पुन्हा टाकायचा. फोनवर म्हणाला, ‘‘झोपच लागंना गं बाई. डोळे मिटले की त्येच दिसतंय.’’ घरच्यांनी निदान केलं: डोक्यावर परिणाम झालाय.

आता माझं सांगते. त्याच एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी फेसबुकवर लिहिलं होतं की जयंती नाचून नाही, वाचून साजरी करा. दरवर्षी आपल्यातले शिकलेले लोक लिहितात तेच. तीनशेच्या वर लाईक आले. महिन्याभराने मी त्यातली नावं चाळली तेव्हा दादाचंही लाईक दिसलं. माझ्या एम.ए.च्या पहिल्या सत्राची फी त्याच्या गणपतीच्या सीझनमधून गेली होती.

त्या घोषणेत तथ्य नाही असं मी म्हणत नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. आयशरसमोर ती कुठल्या कुठे राहते. म्हातारी माणसं, तान्ही बाळं यांचे हाल होतात आणि सगळ्यात आधी कान जातात ते डीजेचेच. दादाच्या कानात आता सतत शिट्टी वाजते. सप्टेंबर 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जनात डीजे वाजवू द्यायला नकार दिला, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. आवाज कमी व्हायलाच हवा, आजही तेच म्हणते.

पण आपला उपदेश ज्याच्यापर्यंत पोचतो तो माणूस कोण आहे, हे आपण पाहत नाही. शिव्या देणारे आपली पोस्ट वाचत नाहीत. दादा वाचतो, कारण त्याच्या यादीत शिकलेली माणसं म्हणजे आपणच. त्याला वरून जातीची शिवी आणि घरातून संस्काराची शिकवण, दोन्ही एकाच स्क्रीनवर, एकाच रात्री मिळतात. आणि आपला आवाज रस्त्यावर येण्याची किंमत आपल्याला माहीत नाही का? मे 2015 मध्ये शिर्डीत सागर शेजवळचा खून झाला, निमित्त होतं मोबाइलवरची बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन. जून 2023 मध्ये नांदेडजवळ बोंढार हवेलीत अक्षय भालेरावला मारलं, ते गावात भीमजयंती काढल्याच्या रागातून, असं त्याच्या घरच्यांचं म्हणणं आहे.

धंद्याचंही बघा. पूर्वी सुपारी ओळखीने यायची, आता गिऱ्हाईक आधी प्रोफाइल उघडतं. फॉलोअर किती, त्यावर दर. पण तेच प्रोफाइल जातही सांगतं. दादाच्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी म्हणून दोन अकाउंट ठेवलेत, एक वरातीचं, एक जयंतीचं, नावंही वेगवेगळी. कोणतं गाणं कुठून टाकलं याची रोज धास्ती. आणि हे सगळं उभं आहे ते दुसऱ्याच्या जागेवर. 29 जून 2020 ला टिकटॉक बंद झालं तेव्हा दादाने दोन वर्षांत जमवलेले प्रेक्षक एका रात्रीत गेले.

एप्रिल 2018 मध्ये मस्कतमध्ये स्वीडनचा डीजे अविची गेला, वय 28. दोन वर्षांआधीच त्याने दौरे थांबवले होते. त्यानंतर डीजेंच्या मानसिक आरोग्यावर जगभर बोललं गेलं. ती चर्चा आयशरच्या केबिनपर्यंत आली नाही. (माझ्या विभागातल्या चर्चासत्रात मी हा विषय मांडला तेव्हा पहिला प्रश्न आला: हे संगीत आहे का?)

आपल्याला इंग्रजी नोटीस वाचता येते. कॉपीराइटचं उत्तर लिहिणं, शिव्यांचे स्क्रीनशॉट तारखेसह जपणं, 14416 या टेली-मानसच्या मोफत नंबरवर मराठीतही बोलता येतं हे सांगणं, हे एप्रिलच्या पोस्टपेक्षा कठीण नाही. मी हे सगळं फार उशिरा केलं. दादा दोनदा त्या नंबरवर बोलला, झोप थोडी सुधारली. ॲट्रॉसिटीची तक्रार मात्र करू दिली नाही. ‘‘उरल्या सुपाऱ्याबी जातील,’’ म्हणाला. त्याच्या जागी मी काय केलं असतं, ठाऊक नाही.

या 14 एप्रिलला त्याचा ट्रक निघाला, आवाज गेल्या वर्षीपेक्षा कमी ठेवला होता. त्याने मला मिक्स पाठवला. जिथे त्याचं नाव वाजायचं, तिथे आता दोन सेकंद नुसता बेस आहे.